मागणी आटली होती, मग महागाई आली कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बी.कॉम.च्या प्रोजेक्टसाठी तुम्ही कोरोना आणि जागतिक अर्थव्यवस्था हा विषय घेतलाय. पुस्तकात लिहिलंय की २०२० साली लोक घरात बसले आणि मागणी आटली. मागणी आटली की भाव पडायला हवेत. मग २०२१ आणि २०२२ मध्ये लॅपटॉपपासून तेलाच्या डब्यापर्यंत सगळं महाग का झालं? 'सप्लाय चेन विस्कळीत झाली' या उत्तरावर तुमचं समाधान झालेलं नाही. आणि पुढची महामारी आली तर पुन्हा असंच होईल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. न्हावा शेव्याला सत्तावीस वर्षं लोकांचा माल पाठवतो आणि सोडवतो, म्हणजे कस्टम क्लिअरन्स आणि फ्रेट फॉरवर्डिंग. जगाची अर्थव्यवस्था मला चाळीस फुटी डब्यातून, म्हणजे कंटेनरमधून दिसते, त्यामुळे डब्यात न मावणाऱ्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण तुमचा प्रश्न नेमका डब्याचाच आहे. 'सप्लाय चेन विस्कळीत झाली' हे मलाही उत्तर वाटत नाही. पेशंटला काय झालं विचारल्यावर डॉक्टरने 'तब्येत बिघडली' म्हणावं, तसं ते आहे.

आधी 'मागणी आटली' हे वाक्य तपासू. मार्च ते जून २०२० पुरतं ते खरं होतं. एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचा जीडीपी आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरला. संपूर्ण २०२० मध्ये जगाचं उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी आकसलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बँका बुडाल्या, त्यानंतरच्या २००९ सालीसुद्धा जग जेमतेम शून्याखाली गेलं होतं, यावरून अंदाज करा. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. म्हणजे विकणारा सांगतोय, तेल न्या आणि वर माझ्याकडून पैसेही न्या. कारण तेल उतरवून घ्यायचं त्या कुशिंग गावातल्या टाक्यांत जागाच उरली नव्हती. हा किस्सा लक्षात ठेवा. वस्तू असून भागत नाही, ती हवी तेव्हा हवी तिथे असावी लागते. पुढे डब्यांचं दुखणंही याच जातीचं निघालं.

आमच्याकडे त्याची चाहूल लॉकडाऊनच्या आधी लागली होती. २३ जानेवारीला वुहान बंद झालं, २५ ला चिनी नववर्ष. नववर्षाला कारखाने दरवर्षी बंद असतातच, म्हणून आम्ही म्हटलं दहा-पंधरा दिवस उशीर. फेब्रुवारीत शिपिंग लाइन्सनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, एकामागून एक फेऱ्या रद्द केल्या. आमच्या भाषेत ब्लँक सेलिंग. आता चीनहून आपल्याकडे माल येतो ज्या डब्यात, तोच डबा रिकामा झाला की त्यात आपली निर्यात भरतो. माल आला नाही म्हणजे डबाही आला नाही. रीफर, म्हणजे थंड डबे, त्यांची कथा आणखी वाईट. शांघाय आणि शिनगांग बंदरात उतरलेले रीफर उचलायला ट्रक नव्हते, प्लगला लावायला जागा नव्हती, ते तिथेच अडकले. आणि आपल्याकडे नेमका द्राक्षाचा हंगाम. निफाडची द्राक्षं आणि वुहानचा विषाणू यांचा संबंध फेब्रुवारीत मला माझ्या एका निर्यातदाराला समजावून सांगावा लागला होता. त्याला वाटलं मी सबब सांगतोय.

मग २५ मार्च. बंदर अत्यावश्यक सेवेत होतं, क्रेन चालू होत्या, जहाजं लागत होती. पण डबा जहाजावरून उतरला की पुढे जाणार कुठे? ट्रेलरचे ड्रायव्हर गावी निघून गेलेले, उरण-पनवेलकडच्या गावांनी वेशीवर बांबू बांधलेले, भिवंडीतल्या गोडाऊनला कुलूप. माझ्या एका ग्राहकाचे पंपाच्या सुट्या भागांचे अकरा डबे सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात होते. डबा फुकट ठेवायचे दिवस संपले की शिपिंग लाइनचं डिटेन्शनचं मीटर पडायला लागतं, टॅक्सीच्या वेटिंगसारखं. २९ मार्चला नौवहन महासंचालनालयाने पत्रक काढलं, २२ मार्चपासूनच्या काळाचं डिटेन्शन आकारू नये म्हणून. मी ते पत्रक लाइनला पाठवलं. उत्तर आलं, हा आदेश नाही, सल्ला आहे. ग्राहकाने निम्मे पैसे भरून डबे सोडवले, उरलेल्यांवर आम्ही वर्षभर मेल लिहीत बसलो.

इथपर्यंत पुस्तक बरोबर आहे. आता पुस्तक जिथे घाई करतं तिथे येऊ.

मागणी आटली नव्हती, तिने वाट बदलली. माणूस घरात बसला म्हणजे काय खर्च करायचा थांबला? हॉटेल, विमान, सलून, सिनेमा, लग्नाचा हॉल. यातलं काहीही जहाजाने येत नाही. आणि घरात बसल्यावर काय घेऊ लागला? लॅपटॉप, टेबल, खुर्ची, ट्रेडमिल, मुलांची सायकल, मिक्सर. हे सगळं जहाजाने येतं. त्यात श्रीमंत देशांनी लोकांच्या खात्यात थेट पैसे टाकले. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये २.२ लाख कोटी डॉलरचा कायदा केला, माणशी १,२०० डॉलरपर्यंतचा चेक दिला. डिसेंबरमध्ये आणखी ६००, मार्च २०२१ मध्ये आणखी १,४००. रेस्टॉरंट बंद, खिशात चेक, हातात फोन. २०२० च्या जुलै-ऑगस्टपासून चीनहून अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांत जागा मिळेनाशी झाली. म्हणजे एकूण खर्च घटलेला असतानासुद्धा माझ्या धंद्यापुरती मागणी फुगली होती.

आता मुख्य गणित, आणि प्रोजेक्टमध्ये एकच गोष्ट घेणार असाल तर हीच घ्या. समजा एक डबा आशियातून भरून गेला, अमेरिकेत उतरला, गोडाऊनला गेला, रिकामा होऊन परत आला, याला ६० दिवस लागतात. वर्षाला सहा फेऱ्या. आता लॉस एंजेलिसच्या बंदरात कामगार आजारी, ट्रक कमी, गोडाऊन भरलेलं, म्हणून त्याच फेरीला ९० दिवस लागू लागले. वर्षाला चार फेऱ्या. एकही डबा हरवला नाही, एकही जहाज बुडालं नाही, पण जगातले एक तृतीयांश डबे गायब झाल्यासारखं झालं. मुंबईत पहिला मोठा पाऊस पडला की टॅक्सी मिळत नाही ना, तसंच. टॅक्स्या तेवढ्याच असतात, सगळ्या हिंदमाताला पाण्यात उभ्या असतात.

लॉस एंजेलिस आणि शेजारच्या लाँग बीचबाहेर २०२१ च्या शेवटी शंभराहून जास्त कंटेनर जहाजं नंबर लावून होती. त्या जहाजांवरचा प्रत्येक डबा हा कुठल्यातरी दुसऱ्या बंदरात न मिळालेला डबा होता. नवीन डबे करा म्हणाल, तर जगातले जवळपास सगळे डबे चीनमध्येच बनतात. त्यांनी २०२१ मध्ये विक्रमी बनवले, तरी वेळ लागला. नवीन जहाजाला तर दोन-तीन वर्षं.

यात आपल्यावर दुहेरी मार बसला. आपली आयात घटलेली, म्हणून डबे कमी येत होते. जे येत होते ते लाइनला रिकामेच परत चीनला न्यायचे होते, कारण तिथून अमेरिकेचं भाडं इतकं चढलं होतं की आपल्या तांदळाची किंवा कांद्याची वाट बघत डबा चार दिवस थांबवणं परवडत नव्हतं. हे फक्त आपल्याशीच झालं असं नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा माल सोडूनही लाइन्स रिकामे डबे घेऊन निघाल्या, आणि शेवटी जून २०२२ मध्ये त्यावर तिथे नवा कायदा आला.

एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारी २०२१, तोच निफाडचा निर्यातदार. रॉटरडॅमसाठी तीन रीफर बुक केले होते. द्राक्षं तोडून, प्री-कूलिंग करून, पॅकहाऊसमधून माल निघायची तयारी, आणि बुकिंग 'रोल' झालं, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकललं. आठ दिवसांनी पुन्हा रोल. रात्री साडेअकराला त्याचा फोन, "साहेब, उद्या उरलेले घड काढू का नको, एवढंच सांगा." मी काय सांगणार? घड वेलीवर राहिला तर साखर वाढत जाते, मणी मऊ पडतात, त्यात एखादा अवकाळी आला की संपलंच. काढला तर कोल्ड स्टोरेजचं भाडं आणि युरोपात पोहोचेपर्यंत देठ वाळायची भीती. शेवटी एक डबा दुसऱ्या लाइनने जास्त भाड्यात गेला, दोन डब्यांचा माल वाशीच्या मार्केटला आणि बांगलादेशला गेला. डेटा बघितला तर ती नोंद 'निर्यात झाली' अशीच दिसेल. त्याला त्या वर्षी काय उरलं, ते त्या आकड्यात नाही.

आता भाड्याचा आकडा. महामारीपूर्वी चाळीस फुटी डब्याचं मुख्य मार्गांवरचं सरासरी बाजारभाडं साधारण दीड हजार डॉलरच्या आसपास असायचं. ड्र्यूरी नावाच्या संस्थेचा निर्देशांक यासाठी सगळे बघतात. सप्टेंबर २०२१ मध्ये तो दहा हजार डॉलरच्या वर गेला. मधल्या काळात कशाने कशाने भर घातली त्याची यादीच आहे. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं पडलं. मे-जूनमध्ये चीनचं यांतियान बंदर महिनाभर अर्धवट बंद. ऑगस्टमध्ये चीनच्याच निंगबो बंदराचं एक टर्मिनल एका कामगाराला लागण झाली म्हणून दोन आठवडे बंद. जिथे आधीच ढील उरलेली नव्हती, तिथे यातला प्रत्येक धक्का पुढे महिनाभर जाणवत होता.

पण भाडं सातपट झालं म्हणून वस्तू सातपट महाग होत नाही, आणि इथे बऱ्याच लेखांत गफलत असते. ढोबळ हिशोब करा. एका डब्यात बुटांचे दहा हजार जोड मावले, तर दहा हजार डॉलर भाड्यात जोडामागे एक डॉलर पडतो. आधी पंधरा सेंट पडायचे. बुटाच्या किमतीत हे सहज जिरतं. त्याच डब्यात पन्नास सोफे मावले, तर सोफ्यामागे दोनशे डॉलर. तिथे धंदाच बसतो. मोबाइलला भाडं जाणवत नाही, प्लॅस्टिकच्या खुर्चीला, टाइल्सला, कागदाला जीवघेणं होतं. आपली निर्यात बरीचशी दुसऱ्या जातीची आहे, जड आणि स्वस्त. नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी पुढे हिशोब मांडला की जहाजभाडं दुप्पट झालं की महागाई साधारण ०.७ टक्का-बिंदूंनी वाढते, आणि तीही वर्षभराने पूर्ण दिसते. मला तो पटतो. आमच्याकडे भाडं चढलं २०२१ मध्ये, लोक ओरडायला लागले २०२२ मध्ये.

भाड्यापेक्षा जास्त नुकसान अनिश्चिततेने केलं, असं माझं मत आहे. माल कधी येईल कळत नाही म्हटल्यावर प्रत्येकाने दुप्पट ऑर्डर दिली, आणि तीही तीन महिने आधी. माझ्याच ग्राहकांनी केलं, मी त्यांना तसा सल्ला दिला होता, आणि त्या क्षणी तो बरोबरही होता. पण सगळ्यांनी एकदम केलं की कारखान्याला वाटतं मागणी दुप्पट झाली. गॅस सिलिंडर मिळणार नाही अशी आवई उठली की जो तो दोन नंबर लावतो, तसं. गाड्यांच्या चिपचं थोडं वेगळं पण याच वळणाचं झालं. वाहन कंपन्यांनी २०२० च्या सुरुवातीला घाबरून चिपच्या ऑर्डर रद्द केल्या, ती क्षमता लॅपटॉपवाल्यांनी घेतली, आणि गाड्यांची मागणी परतली तेव्हा रांगेत मागे उभं राहावं लागलं. हजार-दोन हजाराच्या चिपसाठी लाखांची गाडी महिनोनमहिने थांबली.

तेलाच्या डब्याचं विचारलंत, तर तिथे माझे कंटेनर निर्दोष आहेत, पामतेल टँकरने येतं. मलेशियातल्या बागांमध्ये घड काढायला परदेशी मजूर लागतात, सीमा बंद झाल्यामुळे ते येईनात, उत्पादन घटलं. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेलही अडकलं. जून २०२२ मध्ये अमेरिकेची महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, ऑक्टोबरमध्ये ब्रिटनची ११.१ टक्क्यांवर. यातली महामारीची किती, चेकची किती आणि युद्धाची किती, याची वाटणी कुणी ठामपणे करून दिली तर जरा जपून घ्या. मोठमोठ्या लोकांत त्यावर अजून वाद आहेत.

थोडक्यात आतापर्यंतचं : मागणी सेवांकडून वस्तूंकडे वळली, सरकारी पैशाने ती फुगली, डब्यांची फेरी लांबली म्हणून वाहतूक अपुरी पडली, आणि घाबरून दिलेल्या ऑर्डरींनी तुटवडा होता त्याहून मोठा दिसला.

यात कुणी किती सोसलं, हेही प्रोजेक्टमध्ये यायला हवं. नाहीतर 'जागतिक अर्थव्यवस्था' म्हणजे कुणीच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशोबाने २०२० मध्ये जगात जेवढे कामाचे तास बुडाले ते साडेपंचवीस कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे होते. आपल्याकडे मनरेगाखाली २०२०-२१ मध्ये सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं, योजना सुरू झाल्यापासूनचा तोवरचा उच्चांक. शहरातून परतलेला माणूस खड्डे खणायला गेला, असा त्याचा अर्थ. २०२० च्या शेवटी सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकून होते, कारण बरेच देश त्यांना उतरू देत नव्हते. त्यात आपले कोकणातले पुष्कळ. माझ्या मेव्हण्याचा मुलगा नऊ महिन्यांच्या करारावर गेला होता, पंधराव्या महिन्यात घरी आला. आणि दुसरीकडे मर्स्क या जहाज कंपनीने एकट्या २०२२ मध्ये सुमारे २९ अब्ज डॉलर निव्वळ नफा कमावला. लाइन्सना मी दोष देत नाही, आधीची दहा वर्षं त्या रडतखडत चालल्या होत्या. पण पैसा गेला कुठे, याचं उत्तर हवं असेल तर थोडं तिथेही बघा.

देशांचंही तसंच. ज्यांना स्वतःच्या चलनात कर्ज काढता येत होतं त्यांनी चेक वाटले. महागाई आल्यावर अमेरिकेने मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. आपल्या रिझर्व्ह बँकेलाही रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर न्यावा लागला, आणि डॉलर २०२२ च्या सुरुवातीला चौऱ्याहत्तरच्या आसपास होता तो ऑक्टोबरात त्र्याऐंशीवर गेला. श्रीलंकेचं पर्यटन दोन वर्षं बंद, त्यात आधीची करकपात आणि रासायनिक खतांवरची बंदी हे स्वतःचे निर्णय. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. तिथे महामारीने भिंत पाडली नाही, पण भेगा होत्या त्या रुंद केल्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, पुढच्या वेळी असंच होईल का. ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे : कोण मरतं, सरकारं काय करतात, आणि लस किती लवकर येते. १९१८ चा इन्फ्लूएंझा जूनमध्ये मुंबई बंदरातूनच आत आला, तोही जहाजाने. त्यात तरणीताठी माणसं जास्त गेली, हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त मृत्यू झाले, आणि १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. तिथे कुणी चेक वाटले नाहीत. पाऊस दगा देऊन गेलेला, महायुद्धाची महागाई चालू, आणि शेतात हात कमी. म्हणजे महागाई तेव्हाही होती, पण ती धान्याची होती. काम करणाऱ्या वयाच्या माणसांवर घाला घालणारी साथ आली तर माझं डब्यांचं गणित दुय्यम ठरेल.

साथ कोरोनासारखीच असली तर मात्र काही गोष्टी लवकर होतील. माझे ग्राहक आता एकाच देशातून माल घेत नाहीत, दीड-दोन महिन्यांचा साठा ठेवतात, आणि त्याचं व्याज दर महिन्याला भरतात. तोही महामारीचाच खर्च आहे, फक्त तो कुठल्या तक्त्यात दिसत नाही. भाडं मात्र आलं तसं उतरलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्देशांक दीड हजाराच्या खाली होता. वर्षभराचे करार ज्यांनी चढ्या भावात केले होते त्यांचे हात पोळले, त्यांत माझे दोन ग्राहक होते. मग तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, फेरीचे दिवस पुन्हा वाढले, आणि जुलै २०२४ मध्ये निर्देशांक सहा हजाराजवळ पोहोचला. या वेळी महामारी नव्हती, पण डब्याची फेरी लांबण्याचं गणित तेच होतं.

प्रोजेक्टसाठी एक व्यवहारातली सूचना. भाड्याचे आकडे रुपयांत मांडणार असाल तर ज्या त्या महिन्याचा डॉलरचा दर लावा, नाहीतर रुपयाची घसरण भाड्यात मिसळेल. आणि भारताचा २०२०-२१ चा जीडीपीचा आकडा कुठून घेतलात ते लिहा. आधी तो उणे ७.३ टक्के होता, नंतर उणे ६.६, मग उणे ५.८ असा सुधारत गेला, आणि परीक्षक हटकून तिथेच बोट ठेवतात. माझ्याकडे २०१९ ते २०२३ ची न्हावा शेवा–रॉटरडॅमची जुनी कोटेशन्स फाइलला आहेत. नावं खोडून हवी असतील तर सांगा, रविवारी बसून स्कॅन करतो.